मागे आहे

१

तळ्यावरचा बर्फ गेला की हार्लन सोबोटा आधी पाण्यात हात घालून बघायचा. घरात थर्मामीटर होता, पण त्याचा भरवसा मनगटावर. धक्क्यावर गुडघे टेकायचे, मनगट बुडेपर्यंत हात खाली सोडायचा आणि मनातल्या मनात 'नमो मारिया' म्हणायचं. प्रार्थना संपेपर्यंत बोटं बधिर झाली नाहीत, तर मस्की मासळ्या उथळ पाण्यात आल्या असं समजायचं.

त्या शनिवारी, मासेमारीचा हंगाम उघडला त्या सकाळी, प्रार्थना संपली तरी बोटं जागी होती.

मे महिना संपत आला होता. खाली दक्षिणेत लोकांनी टोमॅटोची रोपंसुद्धा लावली असतील. इथे, विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला, बर्चला नुकती कुठे खारीच्या कानाएवढी पानं फुटली होती. तळ्याचं नाव मिटन, कारण त्याचा आकार लोकरीच्या हातमोज्यासारखा. एका बाजूला अंगठा बाहेर निघालेला. त्या अंगठ्यात पाणी जेमतेम कमरेएवढं, तळाला काळा चिखल. दोन दिवस ऊन पडलं की तळ्यात सगळ्यात आधी ऊब धरणार ते तिथलं पाणी. वसंतात मस्की शोधायची तर अंगठ्यात, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

होडी ॲल्युमिनियमची, जुनी, दोघांपुरती. मागे मोटारीपाशी हार्लन, पुढे नाकाशी अर्डिस. लग्नानंतरचे सगळे वसंत असेच गेले. गेल्या शरदात अर्डिसला होडीत चढणं जमेना, तेव्हापासून तो एकटा जायचा. एकट्या माणसाची होडी मागून दबते आणि नाक वर काढते. समोरचं दिसत नाही, वाराही तिला नाकाला धरून फिरवतो. म्हणून तो पाण्याने भरलेला निळा कॅन पुढच्या फळीवर ठेवायचा. अर्डिसने खिडकीतून ते पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या जागी डबा बसवलास होय? निदान टोपी तरी घाल त्याला."

अर्डिस फेब्रुवारीत गेली. जमीन तेव्हा लोखंडासारखी. इथे हिवाळ्यात गेलेल्या माणसांना थांबावं लागतं. दफनभूमीच्या फाटकाशी एक दगडी खोली आहे, तिथे पेट्या ठेवतात; जमीन सुटली की मग पुरतात. ती सुटून कितीतरी आठवडे झाले होते. फादरांचे फोन येऊन गेले होते. हार्लन म्हणाला होता, हंगाम उघडू दे. शेवटी या सोमवारचं ठरलं.

अंगठ्यात शिरल्यावर त्याने मोटार बंद केली आणि केसाळ शेपटीचं छोटं काळं आमिष लव्हाळ्याच्या दिशेने फेकलं. वसंतात आमिष लहान घ्यायचं आणि हळू ओढायचं. थंडीतून उठलेला मासा घाई करत नाही. मस्की माणसाच्या पायाएवढी लांब, तोंडभर दात, आणि स्वभावाने संशयी. आमिषामागून होडीपर्यंत येते, बघते आणि निघून जाते. म्हणून आमिष होडीपाशी आलं तरी पाण्याबाहेर काढायचं नसतं. गळाच्या काठीचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठ काढायचा. एक वळण, मग दुसरं, मोठं, सावकाश. दर फेकीच्या शेवटी एक आठ, मागे काही असो वा नसो. मागे आलेला मासा त्या वळणावर कधीतरी चवताळतो.

आणि मासा मागे दिसलाच, तर ज्याला दिसला त्याने खालच्या आवाजात म्हणायचं, "मागे आहे." दुसऱ्याने म्हणायचं, "हात थांबवू नकोस." याखेरीज एक शब्द नाही. हात थांबला तर दोनच गोष्टी होतात. ती वळून जाते, नाहीतर घेते.

त्याचं आमिष अजून लव्हाळ्याजवळच होतं, तेव्हा त्याला पाण्यावर रेघ दिसली. आतून काहीतरी लांब येत असलं की वर उठते तशी, बाणाच्या टोकासारखी. ती त्याच्या आमिषाच्या मागे नव्हती. ती दुसऱ्याच बाजूने सरळ होडीच्या नाकाकडे येत होती, कुणीतरी तिथून आमिष ओढत असावं तशी. नाकापाशी काळसर पाठ पाण्याखाली वळली. पुन्हा उलटी वळली. तिच्या पुढे काहीही नव्हतं. काहीच नसलेल्याच्या मागे त्या मस्कीने एक आख्खा आठ पुरा केला आणि ती चिखलात विरघळून गेली.

एखादं बारीक मासळीचं पोर तिच्यापुढे पळत असेल, असं हार्लनने ठरवलं. काठावर परतला तर निळा कॅन धक्क्यावरच राहिलेला. म्हातारा झालास बाबा, असं स्वतःलाच म्हणत त्याने दोर बांधला.

२

तळ्याच्या पलीकडच्या काठाला रेइनोचं दुकान. आमिषं, पेट्रोल आणि कॉफी. रेइनोचं वय ऐंशीकडे झुकलेलं, आजोबा फिनलंडहून आलेले, आणि तोंडाला कुलूप कधीच नाही.

"काय रे, मिळालं काही?"

"नाही."

"तुला मासा सोडून सगळं मिळतं लेका. सर्दी मिळते, चिलटं मिळतात. घे, पाव खा." त्याने वेलदोड्याच्या पावाचा जाड तुकडा पुढे सरकवला. त्याची बायको असताना हा पाव ती करायची. आता तो स्वतः करायचा आणि वेलदोडा जरा जास्तच घालायचा. "जोलीन लवकर आली वाटतं?"

"नाही, पोरगी संध्याकाळी येईल. का?"

"मग सकाळी कोण होतं?"

"कुठे?"

"होडीत. अजून कुठे? चर्चमध्ये?" रेइनोने चष्मा कपाळावर ढकलला. "एवढ्या लांबून मला माणूस दिसत नाही आता, पण होडी दिसते. एकट्याची होडी नाक वर करून चालते, शहरातून आलेल्या मेहुण्यासारखी. तुझी सपाट होती."

"पुढे कॅन होता," हार्लन म्हणाला.

आपण खोटं का बोललो हे त्याला कळलं नाही. शब्द तोंडातून निघून गेले होते.

"मोठा दिसतोय कॅन," रेइनो म्हणाला आणि कॉफी ओतू लागला. जरा वेळाने, पाठ वळवूनच म्हणाला, "सोमवारी मी कोट घालून येणार आहे हां. लग्नातला. बटणं लागत नाहीत, पण येणार. तिच्याइतके मासे या तळ्यात कुणाला मिळाले नाहीत. त्याचं कारण सांगू? डावखुरी होती. सगळी दुनिया आठ उजवीकडून सुरू करते, ती डावीकडून. मासे बिचारे चक्रावून जायचे."

हार्लन हसला. फेब्रुवारीनंतर कुणी तिच्यावर विनोद केला नव्हता.

३

संध्याकाळी तो पुन्हा निघाला. या वेळी कॅन मुद्दाम ठेवला नाही.

तो आयुष्यभर कागदाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करत आला होता. यंत्र आवाज करत असलं तर कारण असतं. ते कारण सापडेपर्यंत एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं. त्याने पुढचा नांगर उचलून मागे आणला. पेट्रोलची टाकी पायापाशी घेतली. ओला दोर धक्क्यावर टाकला. आता होडीच्या पुढच्या अर्ध्या भागात फळीशिवाय काही नव्हतं. मग तो मागे बसला आणि मोटार सुरू केली.

नाक वर आलं नाही.

तो तळ्याच्या मधोमध गेला. पाणी काचेसारखं, वारा नाही. होडीच्या दोन्ही काठांची रेघ पाण्याशी समांतर होती. समोरचा पाइनचा काठ, त्यावरची रेइनोची पिवळी खिडकी, सगळं अगदी मोकळं दिसत होतं. गेल्या वसंतापर्यंतचे सगळे वसंत दिसायचं तसं. फक्त तेव्हा मधे एक पाठ असायची, हिरव्या लोकरी टोपीची.

माणसाने घाबरायला हवं होतं. हार्लनला वाटलं ते वेगळंच. थंडीतून आल्यावर हात शेगडीपाशी धरावेत आणि आधी दुखावं, मग ऊब लागावी, तसं काहीतरी त्याच्या छातीत झालं. त्याने थर्मास उघडला, सवयीने दोन पेले काढले होते त्यातला एक अर्धा भरला आणि वाकून पुढच्या फळीवर ठेवला.

"साखर नाही घातलेली," तो म्हणाला. "डॉक्टर आता काही बोलणार नाही, पण आणलीच नाही मी."

अंगठ्यात त्याने एकच फेक केली. रेघ आली. सकाळसारखीच, नाकाकडे. या वेळी मस्की त्याला नीट दिसली, उतरत्या उन्हात पितळेसारखी, कल्ले सावकाश हलणारे, डोळा वर लावलेला. ती कुणाकडे तरी बघत होती.

"मागे आहे," हार्लन पुटपुटला.

उत्तर आलं नाही. पण होडी नाकापाशी किंचित कलली, पुढे बसलेलं माणूस पाण्यावर ओणवं झालं की कलते तेवढीच. पाण्यात आठ सुरू झाला. वळण, उलटं वळण. त्यामागून तो लांब मासा. हार्लनचा स्वतःचा हातही फिरत राहिला. त्याने डोळे पुसले नाहीत; पुसायला हात मोकळा नव्हता.

धक्क्याला लागल्यावर त्याने पुढचा पेला उचलला. अर्धा भरलेला पेला काठोकाठ भरला होता, आणि बर्फासारखा गार होता. लाटेचं पाणी उडालं असेल, असं त्याने ठरवलं. लाट आलेली नव्हती.

४

जोलीन मॅडिसनहून आली ती मागच्या सीटवर फुलं आणि शेजारच्या सीटवर कोबीचं भांडं घेऊन. ती शाळेत शिकवायची; बोलताना समोरचा वर्गात बसलाय की काय असं वाटायचं. अर्डिसचाही आवाज असाच होता.

"बाबा, दाढी तरी करायचीस," ती म्हणाली आणि त्याला मिठी मारली. मग स्वयंपाकघर बघून म्हणाली, "दोन पेले कुणाचे? रेइनोकाका आले होते?"

"हो," हार्लन म्हणाला. एका दिवसात दुसरं खोटं.

जेवण अर्धं झाल्यावर ती सोमवारबद्दल बोलू लागली. फादर अकराला येणार. आत्या दुलुथहून थेट दफनभूमीत येणार. त्याचा सूट इस्त्रीला टाकायला हवा होता.

"जरा पुढे ढकलू या का?" हार्लन म्हणाला.

जोलीनने काटा खाली ठेवला. "पुन्हा?"

"जमीन अजून ओली आहे."

"बाबा, जमीन एप्रिलपासून ओली आहे. जमीन ओलीच असते."

"एक आठवडा."

"आई तीन महिने त्या खोलीत आहे." तिचा वर्गातला आवाज गेला होता. "मला रात्री तीच खोली दिसते. दार बंद, आत गार, आणि ती वाट बघत बसलीय, कधी नेतात म्हणून. तू तिला तिथे ठेवून मासे धरायला जातोस. मला राग नाही आलेला. मला फक्त सांग की का."

हार्लनने तोंड उघडलं. ती त्या खोलीत नाहीये, हे वाक्य जिभेवर आलं होतं. पुरलं की सगळं संपेल, हे त्याच्यामागचं वाक्यही. त्याने पाणी प्यायलं.

"तुला कळणार नाही."

"बरं. मग उद्या मी पण येते होडीत. आईच्या जागी बसते, एकदोन फेकी करते, आणि तू मला समजाव."

"नाही."

तो इतक्या जोरात म्हणाला की दोघंही भांड्याकडे बघत राहिली.

"एवढं काय झालं ओरडायला?" जोलीन हळूच म्हणाली. "ती जागा काय रिझर्व्ह आहे?"

५

रविवारी तिला जाग यायच्या आत तो बाहेर पडला. धुकं तळ्यावर गुडघाभर उभं होतं, आणि कुठेतरी लून पक्षी ओरडत होता, कुणी लांबून हाक मारून मग स्वतःच हसावं तसा. होडी सपाट. हार्लनने पुढच्या फळीकडे न बघता म्हटलं, "पोर फार मागे लागलीय. तूच सांग, काय करू?"

अंगठ्यात मासे नव्हते. रेघ आली नाही. तरीही नाकापाशी पाणी हललं आणि आठ सुरू झाला, मागे काही नसताना. दर फेकीच्या शेवटी काढायचा तसा, शिस्तीत.

हार्लन तो बघत बसला. नाकापाशी धुकं विरळ होतं, पाण्यावरचा प्रत्येक वळसा दिसत होता. आधी उजवीकडे, मग डावीकडे.

पुन्हा. आधी उजवीकडे.

त्याच्या डोक्यात रेइनोचा आवाज आला. ती डावखुरी होती. इतके वसंत त्याने तिच्या पाठीमागून तो उलटा आठ पाहिला होता. सगळी दुनिया उजवीकडून सुरू करते.

कारण असतं, त्याने स्वतःला सांगितलं. एकेक गोष्ट बाजूला काढायची. आजारात तिचा डावा हात गेला होता, शेवटी तिला चमचाही धरवत नव्हता, म्हणून असेल. असू शकतं. त्याला ते इतकं हवं होतं की त्याने जवळजवळ मानलंच. पण यंत्रं दुरुस्त करणारा माणूस नुसतं मानून थांबत नाही, चालवून बघतो. त्याने काठी डाव्या हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा, वेडावाकडा, डावीकडून सुरू होणारा आठ त्याने मागच्या बाजूला पाण्यात काढला.

नाकाजवळचं पाणी थांबलं.

बराच वेळ काही हललं नाही. मग तिथे डावीकडे एक वळण उमटलं. अडखळत. मधेच थांबत. उलट्या वळणाशी ते चुकलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या पोराचा हात असतो ना, कुणाचं तरी बघून गिरवणाऱ्याचा, तसं.

त्याचं बघून.

उजवा आठही त्याचाच होता. काल सकाळचा, काल संध्याकाळचा. गेल्या शरदात तो एकटा यायचा तेव्हाही, कोण जाणे. तो फेकायचा, तो आठ काढायचा, आणि कुणीतरी बघून ठेवायचं.

हार्लनने मान वर केली नाही. वर बघायचं नाही एवढंच त्याला कळत होतं. पण होडीच्या बाजूचं पाणी काळं आणि सपाट होतं, आणि त्यात होडीचं नाक उलटं दिसत होतं, फळी दिसत होती, आणि फळीवर जे होतं तेही. उंच. ओलं. मान जिथे सुरू व्हायला हवी तिथे काही सुरू होत नव्हतं. त्याने तेवढंच पाहिलं, आणि आणखी एक गोष्ट. अर्डिस नेहमी पाठमोरी बसायची. हे पाठमोरं नव्हतं.

त्याने मोटार सुरू केली. ती पहिल्या ओढीला लागली नाही, दुसऱ्याही नाही, तिसऱ्याला लागली. सबंध वाटभर होडी सपाट राहिली.

६

धक्क्यावर जोलीन उभी होती. गमबूट, जाड कोट, आणि डोक्यावर हिरवी लोकरी टोपी.

"मला वाटलंच होतं पळशील म्हणून," ती म्हणाली. "सरक. मी आले."

"थांब तिथेच."

"बाबा, मी या होडीत चालायला शिकलेय." आणि त्याला मोटार बंद करायला मिळायच्या आत तिने खांब धरला आणि नाकाशी उतरली. पुढच्या फळीवर बसली. होडी पुढून एकदम दबली, एका बारीक बाईच्या वजनाने दबावी त्याहून बरीच जास्त. पाणी काठाला चाटून गेलं.

"ईऽ! फळी चिंब आहे रे. पुसत नाहीस का?" तिने तळवा कोटाला पुसला. "आणि केवढी गार!"

"जोलीन. उठ."

"का?"

"उठ म्हणतो ना."

"नाही उठत. कारण सांग, मग उठते. काल पण ओरडलास." ती त्याच्याकडे तोंड करून बसली होती. तिच्या खांद्यापाशी, हिरव्या टोपीच्या जरा वर, धुकं उगाचच दाट होतं. "बाबा, तू तिला पुरायला तयार होत नाहीस, तोवर मी इथून हलणार नाही. करायचं ते कर."

हार्लनला तिच्या डाव्या खांद्यावरची लोकर दबलेली दिसली. कुणीतरी तिथून वाकून बघावं तशी.

"उद्या," तो म्हणाला. "अकरा वाजता. पुरू या. मी शब्द देतो. आधी वर ये."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा स्वतःचा चेहरा सैल पडला. "खरंच?"

"तुझ्या आईची शपथ. ये."

त्याने होडीतून पुढे येत तिचा दंड धरला आणि जवळजवळ उचलूनच धक्क्यावर ढकलली. मग स्वतः चढला. जोलीन रडत होती आणि हसत होती, नाक पुसत त्याला सांगत होती की दंडावर वळ उठला बघ, सत्तरीला टेकलास तरी पंजा अस्वलाचा. हार्लनने तिला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून तो होडीकडे बघत होता.

होडीत आता कुणी नव्हतं. मागे मोटार होती, तिचं वजन होतं. रिकामी होडी मागून दबायला हवी होती.

तिचं नाक पाण्याला टेकलं होतं.

त्याच दुपारी त्याने रेइनोला फोन केला आणि होडी घेऊन जायला सांगितलं. विकायची का, या प्रश्नावर म्हणाला, फोड नाहीतर विक, पण पाण्यात घालू नकोस. आणि जोलीनला म्हणाला की उन्हाळाभर मी तुझ्याकडे येतो. ती इतकी आनंदली की तिने का म्हणून विचारलंही नाही.

७

सोमवारी ऊन पडलं. जमीन मऊ होती, काळी, मुळांचा वास येणारी. दगडी खोलीचं दार उघडलं तेव्हा हार्लन स्वतः आत गेला. पेटी होती तिथेच होती. तिच्यावर हात ठेवून तो उभा राहिला. ती इथेच होती. सगळा हिवाळा आणि सगळा वसंत, इथेच, एकटी. आणि तो तिकडे भलत्याच कुणाला कॉफी पाजत होता.

पेटी खाली सोडण्यापूर्वी फादरांनी त्याला खूण केली. लोक मूठभर माती टाकतात. हार्लन वाकला आणि डाव्या हाताच्या बोटाने त्याने झाकणावर एक आठ काढला. डावीकडून. कालपेक्षा बरा जमला. रेइनो न लागणाऱ्या बटणांच्या कोटात उभा होता. त्याने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुपारी त्यांनी घराला कुलूप लावलं. किल्ली द्यायला जोलीनने रेइनोच्या दुकानापाशी गाडी थांबवली. धक्क्यावर होडी पालथी घातलेली होती, तळावर ऊन. कोरडी. ती बघून हार्लनला दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास पुरा घेता आला. उरलं असेल ते तळ्यात उरलं.

रेइनोने पाव कागदात बांधून दिला. "शहरात असला मिळणार नाही. आणि दाढी कर, पोरीची लाज काढू नकोस." मग गाडी सुरू झाल्यावर त्याने चष्मा कपाळावर ढकलला, दोन पावलं मागे सरकून बघितलं आणि काचेवर टकटक केली.

"जोलीन, मागच्या टायरांत हवा भरून घे गं. गाडी मागून बसलीय. एवढं काय भरलंयत?"

"काही नाही, काका. बाबांची एक बॅग आहे, तीही पुढे त्यांच्या पायाशी."

"मग जुनी झाली गाडी," रेइनो म्हणाला आणि हात हलवला.

गाडी पाइनच्या रस्त्याला लागली. जोलीन आईच्या गोष्टी सांगत होती, हलक्या मनाने. शेवटी पुरलं एकदाचं, आता तिला झोप लागेल, आपल्यालाही. मागच्या सीटवरून थंड हवा येत होती. चिखलाची, उथळ पाण्याची. खिडकी बंद होती.

हार्लनने आरशात बघितलं नाही. त्याचा डावा हात मांडीवर होता आणि त्याचं बोट पँटच्या कापडावर सावकाश फिरू लागलं होतं. एक वळण, मग उलटं, मोठं.

"मागे आहे," तो म्हणाला. सवयीने, खालच्या आवाजात.

जोलीन बोलता बोलता थांबली. तिने त्याच्या बोटाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, आणि ती हसली, लहानपणी त्या होडीत मधल्या फळीवर बसून हसायची तशी.

"हात थांबवू नकोस," ती कुजबुजली.

त्याने थांबवला नाही.